बंद चेंबरमध्ये फोन उचलतं कोण?

दिंडोरी रोडवर म्हसरूळच्या पुढे द्राक्षांचं एक पॅकहाउस आहे. नाव सांगत नाही, कारण पुढे त्यांच्या वायरिंगबद्दल बरंच वाकडं बोलायचं आहे. गेल्या फेब्रुवारीत, ऐन हंगामात, तिथल्या सुपरवायझरचा फोन आला. मी नाशिकमध्ये ईपीएबीएक्स, म्हणजे ऑफिस-कारखान्यातलं अंतर्गत टेलिफोन एक्स्चेंज, बसवायचं आणि दुरुस्तीचं काम करतो, त्यामुळे ‘फोन बंद आहे’, ‘खरखर आहे’, ‘आवाज जात नाही’ या तक्रारी माझ्या रोजच्या. ही मात्र वेगळी होती.

“भाऊ, दोनशे चौदाला रिंग दिली की एकच रिंग वाजते आणि कुणीतरी उचलतं. पण बोलत नाही. आणि चेंबरला तर बाहेरून कडी असते.”

214 म्हणजे प्री-कूलिंग चेंबरमधला, माल गार करायच्या खोलीतला, भिंतीवरचा फोन. पफ पॅनलच्या, म्हणजे फोम भरलेल्या पॅनलच्या, खोलीत दोन्ही बाजूंनी पत्रा असतो, त्यामुळे आत मोबाइलला रेंज नसते. माल लावणाऱ्यांशी बोलायला तो फोन लागतो. त्याहून महत्त्वाचं म्हणजे एखादा माणूस चुकून आत अडकला, तर त्याच्या हाताशी तेवढंच साधन असतं. रात्रपाळीच्या वॉचमनने आपला निष्कर्ष काढून टाकला होता आणि संध्याकाळनंतर तो चेंबरकडे फिरकत नव्हता.

दुसरी तक्रार जाता जाता सांगितली गेली. डिस्पॅचच्या 216 वर कॉम्प्रेसर लागला की ‘घूंऽऽ’ असा आवाज येतो आणि मध्येच बारीक आवाजात दुसऱ्याचं बोलणं ऐकू येतं. सुपरवायझरच्या हिशेबी हे वेगळं प्रकरण होतं. सुरुवातीला माझ्याही.

आधी काय काय बदलून झालं होतं

मी जायच्या आधी दोन जण येऊन गेले होते. पहिल्याने फोनचं डबडं बदललं, मग वायरच्या टोकाचा प्लग बदलला. दुसऱ्याने एक्स्चेंजमधलं एक्स्टेन्शन कार्ड, ज्यावर हे फोन लागतात ते, खराब आहे असं सांगून कार्ड बदललं. तरी फरक पडेना, तेव्हा सिस्टीम जुनी झाली असं ठरलं. नव्या ईपीएबीएक्सचं कोटेशन ऑफिसच्या टेबलावर पेपरवेटखाली पडलेलं मी पाहिलं.

दोघांनाही मी नावं ठेवणार नाही. दोघंही आले सकाळी, दहा-अकराला, आणि सकाळी फोन धडधाकट असायचा. रिंग जायची, बोलणं स्वच्छ. काम झालं म्हणून सही घेऊन माणूस परत, आणि संध्याकाळी पुन्हा तेच. मीही पहिल्या दिवशी अकरालाच पोचलो होतो.

वायरिंगचा आराखडा नव्हता. तो कुठेच नसतो. एमडीएफवरच्या, म्हणजे सगळ्या तारा जिथे एकत्र येतात त्या फ्रेमवरच्या, क्रोन मॉड्यूलला (तारा दाबून बसवायच्या पट्टीला) कुणीतरी बॉलपेनने आकडे लिहिले होते, निम्मे पुसलेले. चालत जाऊन, पाइपांवर नजर ठेवून मीच चित्र काढलं. ऑफिसातल्या एमडीएफपासून शीतगृहाच्या बाहेरच्या भिंतीवरच्या डीपी बॉक्सपर्यंत (इथून तारा पुढे वाटल्या जातात) साधारण 130 मीटर दहा पेअरची, म्हणजे दहा जोड्या तारांची, जेली भरलेली आर्मर्ड केबल, जमिनीतून. तिथून पुढे साधी पीव्हीसी स्विचबोर्ड केबल, पाइपातून पॅनलच्या छतावर, तिथल्या ट्रेवरून फॅन आणि कॉम्प्रेसरच्या पॉवर केबलच्या अंगाला अंग लावून, आणि मग छतातून खाली चेंबरमध्ये एका प्लॅस्टिकच्या डबीत. ही अंदाजे 70 मीटर. डबीतून एक पेअर 214 ला, दुसरा पुढे डिस्पॅचच्या 216 ला.

चांगली केबल जमिनीत आणि हलकी केबल जिथे सगळ्यात जास्त त्रास तिथे. हे मी इतक्या ठिकाणी पाहिलंय की आता आश्चर्य वाटत नाही.

सकाळचे आकडे

क्रोनवर 214 चा व्होल्टेज 47.6 आला. फोन उचलल्यावर 8 च्या आसपास, लूप करंट, म्हणजे दोन तारांतून फिरून येणारा करंट, 24 मिलिअँपिअर. दोन्ही जिथे असायला हवे तिथे. पलीकडे चेंबरमध्ये हेल्परला पेअर शॉर्ट करायला लावून रेझिस्टन्स मोजला: 34 ओहम. अर्धा मिलिमीटरची तांब्याची तार जाऊन-येऊन किलोमीटरला साधारण 168 ओहम दाखवते, म्हणजे 200 मीटरला 33.6. आकडा चोख जुळला. तार तुटलेली नाही, जोड सैल नाही. मल्टीमीटरवर दोन तारांमध्ये, आणि प्रत्येक तार ते अर्थिंग, काहीच दिसेना.

कार्डाचा प्रश्न मिटवायला एक सोपी युक्ती आहे. क्रोनवर 214 आणि शेजारच्या 215 चे जंपर (जोडतारा) आपसात बदलले. बिघाड कार्डात असेल तर तो आता 215 च्या टेबलावर जाईल. केबलमध्ये असेल तर चेंबरमध्येच राहील. दहा मिनिटांचं काम. कार्ड विकत आणण्याआधी कुणी हे केलं असतं तर त्यांचे पैसे वाचले असते.

मग मी सुपरवायझरला विचारलं, “बिघाड नेमका कधी येतो?”

“माल लावला की. चार-साडेचारनंतर. रात्रभर तसंच. सकाळी आपोआप बरा होतो.”

शेतातून सकाळी काढलेला माल दिवसभर निवडून, पेट्या भरून दुपारी प्री-कूलिंगला जातो. तोपर्यंत चेंबर रिकामा असतो, दार सताड उघडं असतं. दुपारी माल लावून दार बंद झालं की मोठे पंखे सुरू होतात आणि रात्रीपर्यंत द्राक्षं शून्य-दोन अंशांच्या घरात आणतात. म्हणजे माझा रोगी पाच वाजता आजारी पडत होता आणि डॉक्टर त्याला रोज अकराला तपासत होते. हेल्परला मोटरसायकलवर पाठवून मिसळ मागवली आणि आम्ही थांबलो. दिवसाचं एक दुसरं काम बुडालं, ते बुडालंच.

साडेपाच वाजता

पहिला बदल आपोआप दिसला. क्रोनवर चेंबरच्या पेअरचा व्होल्टेज 47.6 चा 43 झाला होता, म्हणजे बिघाड कार्डात नाही, केबलमध्येच. फोन हुकवर ठेवलेला. पेअरमध्ये मिलिअँपिअर मीटर घातला, तर 7 वाहत होते. फोन ठेवलेला असताना लूपमध्ये करंट शून्य हवा, कारण फोनच्या घंटीच्या वाटेत कपॅसिटर असतो आणि तो डीसी जाऊ देत नाही. 43 व्होल्टला 7 मिलिअँपिअर म्हणजे दोन तारांच्या मध्ये कुठेतरी सहा हजार ओहमची चोरवाट.

आता भुताचा उलगडा झाला. एक्स्चेंजला फोन उचलल्याचं कळतं ते लूपमधल्या डीसी करंटवरून. निवांत असताना 7 मिलिअँपिअर त्याच्या उंबरठ्याच्या थोडे खाली होते. रिंग गेली की तारांवर साधारण 75 व्होल्टचा एसी चढतो. 75 चं शिखर 106, त्यात बॅटरीचे 48 मिळवले तर क्षणभर दीडशेच्या वर. त्या दणक्याने गळती आणखी वाढायची, करंट उंबरठा ओलांडायचा, आणि एक्स्चेंज समजायचं की कुणीतरी उचलला. रिंग बंद, लाइन जोडली, आणि फोन करणाऱ्याच्या कानात नुसती शांतता. कधी गळती इतकी वाढायची की रिंग न देताच 214 बिझी दाखवायचा.

आता ही चोरवाट 200 मीटरमध्ये कुठे? निम्म्यात कापायचं. डीपी बॉक्समध्ये पेअर सोडवला. एमडीएफकडची जेली केबल मेगरवर, म्हणजे जास्त व्होल्टेज देऊन इन्सुलेशन मोजणाऱ्या मीटरवर, 200 मेगओहमच्या वर, निष्कलंक. चेंबरकडची बाजू मल्टीमीटरवर लावली: 380 किलोओहम, आकडा सरकत होता. प्रोब उलटसुलट केले तर 210. दोन्ही टोकांनी सुटलेल्या त्या पेअरवर डीसी व्होल्ट मोजले तर 0.3 मिळाले. बॅटरी नाही, काही नाही, आणि तार स्वतःच व्होल्टेज दाखवतेय.

हे पाणी. प्रोब उलटे केल्यावर रेझिस्टन्स बदलणं आणि सुट्या पेअरवर शे-दोनशे मिलिव्होल्ट सापडणं, ही ओलाव्याची जणू सही असते. पाणी आणि तांबं मिळून एक छोटा सेल तयार होतो आणि लाइनचे 48 व्होल्ट काढल्यावरही त्यात थोडा चार्ज रेंगाळतो.

इथेच दोन चांगली माणसं का चकली तेही कळतं. डिजिटल मल्टीमीटर ओहम मोजताना तारेला सहसा जेमतेम दोन-तीन व्होल्ट देतो. तेवढ्यात पाण्यातून नीट करंट वाहत नाही, म्हणून मला 380 किलोओहम दिसले. त्याच पाण्याला एक्स्चेंजचे 48 व्होल्ट मिळाले की तेच सहा किलोओहम होतं. नाशिकरोडच्या मोटवानेचा काटेवाला मीटर अजून माझ्या पेटीत आहे तो अशाच वेळी उपयोगी पडतो. धडधाकट लाइनला तो जोडला की फोनमधला कपॅसिटर भरताना काटा उडी मारतो आणि परत जागेवर जाऊन बसतो. इथे काटा उडाला, पण परत जाताना अर्ध्या वाटेत अडकून थरथरत राहिला. डिजिटलवर नुसते आकडे पळतात, ते थरथरणं दिसत नाही.

खात्रीसाठी 250 व्होल्टवर मेगर लावला. 0.00.

मेगर लावण्याआधी काय करायचं ते इथेच सांगून टाकतो, कारण या एका चुकीने मी स्वतः बऱ्याच वर्षांपूर्वी सातपूरच्या एका कारखान्यात आठ लाइनचं कार्ड जाळलंय. क्रोनच्या डिस्कनेक्शन मॉड्यूलमध्ये सुटा प्लग घालून एक्स्चेंजची बाजू आधी तोडायची. पलीकडे फोन काढायचा. मॉड्यूलवर सर्ज प्रोटेक्शन असेल तर तेही उपसायचं, कारण त्यातली गॅसची नळी साधारण 230 व्होल्टला पेटून करंट वाहू देते आणि चांगल्या केबललाही मेगर शून्य दाखवतो. आणि पेअरवर कुणाचा हात नाही ना हे ओरडून विचारायचं. आमच्या हेल्परने त्याच संध्याकाळी रिंग जात असताना ओल्या बोटांनी डबीतली तार धरली. त्याने जे शब्द वापरले ते इथे लिहिण्यासारखे नाहीत.

डबी

दोन अंशांत, पंख्यांच्या घोंघाटात, स्वेटरवर पॅकहाउसचं जाड जॅकेट चढवून स्टुलावर उभं राहिलो आणि डबीचं झाकण काढलं. मनगटावर गार पाणी ओघळलं. चहाच्या कपात तळाला राहतो तेवढं पाणी आत साचलेलं. कनेक्टरची पट्टी उभी लावलेली होती, खालच्या दोन स्क्रूंवर 214, वरच्यांवर 216. खालचे दोन स्क्रू पाण्यात.

निळी तार चकचकीत होती, काल सोलल्यासारखी. पांढऱ्या तारेच्या टोकाला हिरवा-निळा चिकट लगदा, आणि तो नखाने काढल्यावर आत तांबं शिवणाच्या सुईएवढं बारीक उरलेलं. एकाच पाण्यात बसलेल्या दोन तारा, एक शाबूत आणि एक खाल्लेली. टेलिफोनला निगेटिव्ह बॅटरी असते: निळ्यावर उणे 48, पांढरी अर्थिंगच्या पातळीला, म्हणजे निळीच्या मानाने पॉझिटिव्ह. इलेक्ट्रोलिसिसमध्ये पॉझिटिव्ह बाजूचं तांबं विरघळतं. शाळेत मोरचुदाच्या द्रावणात केलेला तोच प्रयोग इथे रोज रात्रभर चालू होता. भर म्हणून द्राक्षाच्या पेटीत बुरशी धरू नये म्हणून जे पॅड टाकतात त्यातून सल्फर डायऑक्साइड सुटतो. ओलाव्यात तो मिसळला की आम्ल होतं, आणि धातूला ते मानवत नाही.

पण छतातून खाली आलेल्या डबीत पाणी आलं कुठून? फेब्रुवारीत नाशिकला पाऊस नाही, चेंबरमध्ये नळ नाही. प्लँट सांभाळणारे मामा खाली उभे होते. ते म्हणाले, “पाइपाला हात लावून बघा.” पाइपाच्या तोंडाशी हात धरला तर हवेचा झोत जाणवला. वरच्या गरम छतावरची हवा पाइपातून आत खेचली जात होती. प्री-कूलिंगचे पंखे चेंबरच्या एका बाजूला दाब कमी करतात, आणि बाहेरून आत यायची जी फट मिळेल तिथून हवा शिरते. केबलचा पाइप दोन्ही टोकांना उघडा, म्हणजे आयती चिमणी. छतावरची दुपारची हवा दोन अंशांच्या पाइपात आली की थंड पाण्याच्या ग्लासाला सुटतो तसा घाम सुटायचा, थेंब केबलवरून ओघळत सरळ डबीत. रात्रभर हेच. सकाळी पंखे बंद, दार उघडं, चेंबर गरम होऊन कोरडा, आणि माणूस तपासायला यायच्या वेळी सगळं आलबेल.

मामांना हे आधीपासून माहीत होतं का, असं मी विचारलं. “पाइपातून वारं येतं हे माहीत होतं. फोनचं मला कुणी विचारलंच नाही.”

216 चं घूं

डबी उघडी असताना दुसऱ्या तक्रारीचं मूळ समोरच दिसलं. स्विचबोर्ड केबलमध्ये पहिल्या पेअरची पांढरी-निळी, दुसऱ्याची पांढरी-नारिंगी, तिसऱ्याची पांढरी-हिरवी. पांढऱ्या सगळ्या सारख्याच. कुठली कुणाची हे फक्त पिळावरून कळतं, आणि पीळ सोडला की ओळख संपली. डबीत निळीबरोबर बसलेली पांढरी मी मागे मागे ओढून पाहिली, तर ती नारिंगीच्या पिळातली निघाली. नारिंगीबरोबर हिरवीची पांढरी होती. निळीची मूळ पांढरी आखूड होऊन पाइपाच्या तोंडाशी काळी पडून बसली होती.

गोष्ट अशी झाली असणार: आधी कधीतरी पांढरी तार गंजून तुटली. परत सोलून लावली, परत तुटली, शेवटी हाताला तार पुरेना. कुणीतरी शेजारच्या पेअरची पांढरी उसनी घेतली, त्याला तिसऱ्याची दिली, डीपी बॉक्समध्येही तसाच बदल केला. फोन लागला, कंटिन्युइटी बरोबर, व्होल्टेज बरोबर, रेझिस्टन्सही तेवढाच. आमच्यात याला स्प्लिट पेअर म्हणतात आणि मीटरला ते दिसत नाही. माझ्या सकाळच्या 34 ओहमलाही दिसलं नव्हतं. आणि ती उसनी घेतलेली पांढरीही त्याच पाण्यात बसून आता सुईएवढी झाली होती.

दोन तारा एकमेकींना पीळ घालून नेतात त्याला कारण आहे. शेजारच्या पॉवर केबलमधून जे काही तारांवर चढतं ते दोन्हींवर सारखं चढावं आणि फोनमध्ये वजा होऊन जावं. जोडी फोडली की एक तार एका पिळात, दुसरी भलत्याच पिळात. 70 मीटर पॉवर केबलच्या कुशीत गेल्यावर पन्नास हर्ट्झ आणि त्याची पिल्लावळ 216 मध्ये उतरणारच. आणि 214 ची पांढरी 216 च्या नारिंगीला पीळ घालून चालली असेल तर एकाचं बोलणं दुसऱ्याला ऐकू येण्यात नवल काय? टोनरने, म्हणजे तारेवर सूर सोडणाऱ्या यंत्राने, खात्री केली. निळी आणि तिच्याबरोबर लावलेली पांढरी, या दोघींवर सूर सोडला. चांगल्या पेअरमध्ये हा सूर त्या दोन तारांपाशीच राहतो आणि शेजारी जवळपास ऐकू येत नाही. इथे प्रोब नारिंगीवर नेला तरी तितक्याच जोरात ओरडत होता.

दोन तक्रारी, एकच डबी. पहिला बिघाड तात्पुरता झाकताना दुसरा जन्माला आला होता.

दुरुस्ती

ती स्विचबोर्ड केबल वाचवण्यात अर्थ नव्हता. डीपी बॉक्सपासून पुढे पाच पेअरची जेली केबल टाकली, आणि पॉवरच्या ट्रेवरून उचलून छताच्या दुसऱ्या कडेने नेली. पॉवर केबल जिथे ओलांडावी लागली तिथे काटकोनात. आतली डबी बाद. नवी डबी बाहेर, गरम बाजूला, आणि तिथून 214 ला अखंड तुकडा, चेंबरमध्ये एकही जोड नाही. जोडांना जेली भरलेले यूवाय कनेक्टर, पक्कडीने दाबले की जोड जेलीत बुडतो. पॅनलमधून केबल जाते ते भोक आधी फोमने भरलं आणि दोन्ही तोंडांना न वाळणारी पुट्टी लावली. फोनच्या आधी केबलला खाली झोळ दिला, म्हणजे घाम आलाच तर थेंब झोळाच्या तळाशी गळेल, फोनमध्ये शिरणार नाही. फोनही बदलून पाणी न शिरणारा भिंतीवरचा घेतला. त्यासाठी मालकांना थोडं पटवावं लागलं. तो अडकलेल्या माणसाचा फोन आहे असं सांगितल्यावर त्यांनी पुढे काही विचारलं नाही.

पुट्टीचं काम सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात महत्त्वाचं होतं. नवी केबल टाकून भोक उघडं ठेवलं असतं तर पुढच्या हंगामात पुन्हा बोलावणं आलं असतं.

काम दुपारी दोनला संपलं. सुपरवायझरने चेक लिहायला घेतला, मी म्हटलं संध्याकाळी द्या. माल लागला, दार बंद झालं, पंखे फिरले. साडेसहाला मोजणी: हुकवर 47.5 व्होल्ट, करंट 0.0. प्लग, प्रोटेक्शन, फोन सगळं काढून मेगर 200 च्या वर. मग ऑफिसातून 214 ला ओळीने वीस रिंगा. प्रत्येक वेळी आम्ही उचलेपर्यंत वाजत राहिली. कॉम्प्रेसर चालू असताना 216 कानाला लावला, नुसता डायल टोन.

एमडीएफच्या दाराच्या आतल्या बाजूला वायरिंगचा नकाशा चिकटवला: कुठला पेअर, कुठला रंग, कुठे डबी, कुठली तार पॉझिटिव्ह. त्याच्याखाली दोन ओळींचे आकडे, सकाळचे आणि संध्याकाळचे, तारखेसह. एप्रिलच्या शेवटी हंगाम उरकताना गेलो तेव्हा तिसरी ओळ लिहिली, तीही संध्याकाळची. करंट तेव्हाही 0.0 होता. वॉचमन चेंबरच्या दाराशी खुर्ची टाकून बसला होता.

जुनी डबी मी मागून घेतली. ती दुकानात काउंटरवर असते. नवा मुलगा शिकायला आला की ती त्याच्या हातात देतो आणि विचारतो, यातली पॉझिटिव्ह तार कुठली, मीटर न लावता सांग.